पाठीचा फोटो

आखाजीला अकरा दिवस उरलेले,
टेबलावर चौतीस ब्लाउजं कापून पडलेली,
आणि मी शटर ओढून अमळनेर–जळगाव बसमध्ये.
पिशवीत साडेचार हजार, पिको-फॉलचे,
वीस-वीसनं साठलेले, म्हणून गठ्ठा नुसता जाड.
जाऊबाई म्हणाल्या, "तुले कसाले जोयजे कॅमेरा?
लगीनमा फोटोवाला येस ना."
येतो. तो नवरीचं तोंड काढतो.
मी पाठ शिवते.

गेल्या साली चोपड्याच्या एका पोरीला
पाठीवर आंब्याच्या पानांची वेल करून दिली,
काठाच्या उरल्या जरीची, दोन रात्री जागून.
पोर सुरतेला सासरी गेली, वेल तिच्या अंगावर.
पुन्हा करू गेले तर हाताला आठवेना,
पानाचा कधी पोपट व्हायचा
कधी नुसती बोटं.

धरणगाव. पाळधी. गिरणेचा पूल,
खाली वाळूत पाण्यापेक्षा ट्रॅक्टर जास्त.
गोलाणी मार्केटात जिना चढून लखीशेठचं दुकान,
एवढासा पंखा, तोही त्यांच्याकडेच तोंड केलेला.
"आठ आहे, दहा आहे, बारा आहे मेगापिक्सेल."
म्हणजे काय?
"ठिपके, ताई. जितके जास्त तितका फोटो बारीक."
हां, म्हणजे वीण.
तर मग मला ठाऊक आहे, रोजच्या अंगाला मांजरपाटही पुरतो.
मी आठावर बोट ठेवलं.

झूमचे आकडे दोन. एक काचेचा, तीन पट.
दुसरा डिजिटल, म्हणे अजून चार पट.
तो लावून दाखवला तर समोरच्या पाटीची अक्षरं
कडेनं उसवत गेली.
तोकडं कापड ताणून बाही काढली की असंच होतं,
पहिल्या धुण्यात कळतं.
"हा दुसरा मोजू नका," मी म्हटलं, "ह्याचे पैसे कमी करा."

पाच हजार दोनशे.
मी उठले. हे उठणं मला माझ्या गिऱ्हाइकांनीच शिकवलं.
एक चप्पल घालेपर्यंत चार हजार आठशे,
दुसरीचा अंगठा सापडेपर्यंत सहाशे.
"कव्हर ठेवून घ्या तुमचं, कव्हर मी शिवेन."
लखीशेठ हसले, मग माझ्या मधल्या बोटाकडे पाहत राहिले,
सुईनं टोचून टोचून काळं पडलेल्या.
चार हजार तीनशे, कार्ड धरून.
बिल मागितलं, तर जरा रागावून दिलं.

उरल्या दोनशेत तिकीट, उसाचा रस
आणि हुकांची दोन पाकिटं.
डब्यातले सेल पाळधीलाच बसले.
तेवढ्यात निघालं ते असं:
केळीचा एक ट्रक, कंडक्टरची मान,
सहा वेळा माझाच अंगठा.

घरी आले. दुकानं मिटलेली.
भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. एकानं भागेना.
शेजारच्या अनुसयाबाईंना म्हटलं, तुमचाही द्या, सकाळी देते.
दोन घरांची वेळ थांबली
तेव्हा कुठे त्यानं डोळा उघडला.

ट्यूबलाइटखाली खुर्चीच्या पाठीवर ब्लाउज चढवलं,
मोरपंखी, सात गोंडे, मध्ये थेंबाएवढी खिडकी.
श्वास धरून दाबलं.
एक निघाला. मग पडदा काळा.
हाताच्या तळव्यात सेल चोळून पुन्हा घातले,
जेमतेम एवढंच मिळालं की काढलेला पाहता यावा.
बटण दाबून जवळ गेले, अजून जवळ,
आणि डाव्या खांद्याखाली दिसला
एक टाका सुटलेला.
बावीस वर्षांत असे किती गेले असतील
माझ्या नजरेखालून, लोकांच्या लग्नांत.

रात्रीच उसवलं.
किती वाजेपर्यंत बसले, सांगता येणार नाही,
दोन्ही घड्याळं सव्वासातावर होती.